चरग्याची मूठ

चनबसप्पाचं बूड हल्ली एका जागी टेकत नव्हतं. ड्युटी सकाळी आठची, पण हा बाबा सातलाच अक्कलकोट रोडवरच्या फार्मसी कॉलेजच्या मागच्या फाटकाशी हजर. वॉचमन कुलूप काढेपर्यंत याच्या चार येरझाऱ्या झालेल्या असायच्या. आत गेला की पांढरा कोट अंगावर चढवायचा, चप्पल बदलायची आणि तडक प्राणिघराच्या तिसऱ्या खोलीत शिरायचं. तिथं पैदाशीचे पांढरे उंदीर होते. चार फळ्यांचं लोखंडी रॅक, प्रत्येक फळीवर सहा पिंजरे. एकेका पिंजऱ्यापुढे तो वाकायचा आणि रात्रीत कोणी व्याली का ते बघायचा.

कोणी व्यालेली नसायची. चुकून असलीच तर भाताच्या तुसात दोन-तीन पिल्लं, तीही गार पडलेली, पोटं खपाटीला गेलेली. नुकतं जन्मलेलं पिल्लू दूध प्यालं की त्याच्या पातळ कातडीतून ते दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. तो पट्टा बघायची चनबसप्पाला एकोणतीस वर्षांची सवय. जानेवारीच्या मध्यापासून तो दिसेनासा झाला होता. एखाद्या सकाळी तर पिल्लंच नसायची, आणि आई कोपऱ्यात बसून मिशा साफ करत असायची. त्या दिवशी चनबसप्पाला दुपारचा डबा जात नसे.

आता बाहेरच्याला वाटेल, उंदीर वाढवायला अशी काय अक्कल लागते, घरात तर ते न सांगता वाढतात. वाटू दे. प्रयोगाचा उंदीर लाडात वाढलेला असतो. त्याला ऊन सोसत नाही, गोंगाट सोसत नाही, अनोळखी हात सोसत नाही. अशा नाजूक जिवाकडून वेताला नऊ-नऊ, दहा-दहा पिल्लं काढून घेणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, आणि चनबसप्पा ते वर्षानुवर्षं करत आला होता. लातूरच्या, कोल्हापूरच्या कॉलेजांतून लोक यायचे, रॅकपुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, मामांचा हात गुणाचा. चनबसप्पा वरवर मान हलवायचा, पण घरी जाऊन सावित्रम्माला ते शब्दाला शब्द सांगायचा.

सावित्रम्मा त्याची बायको. दोघांना मूलबाळ नव्हतं. गावाकडच्या लोकांना यात चेष्टेला चांगलं खाद्य मिळालं. चनबसप्पा घरी कमी पडला आणि कॉलेजात भरून काढलं, असं पारावर बसून बोलायचे. अशा लोकांच्या जिभेला हाड नसतंच, पण त्यांना म्हातारपणही येत नाही की काय कोण जाणे. पंचवीस वर्षं तोच विनोद चालला होता. चनबसप्पानं त्याकडे दुर्लक्ष करायला शिकून घेतलं होतं, कारण त्याच्याकडे तो रॅक होता.

आणि आता तो रॅकच जाणार होता. फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजच्या प्राणिघर समितीची बैठक झाली आणि ठरलं, की एकतीस मार्चपर्यंत पैदास सुधारली नाही तर ही उंदरांची वसाहत बंद करायची. पुढे लागतील तसे उंदीर पुण्याहून मागवायचे. आणि इथले? इथले सगळे सॅक्रिफाइस करायचे. कॉलेजात मारणं हा शब्द कोणी वापरत नाही. चनबसप्पानं एवढ्या वर्षांत शेकडो उंदीर प्रयोगाला जाताना पाहिले होते, तो काही भाबडा नव्हता. पण औषधाच्या कामी येऊन जाणं वेगळं आणि निकामी ठरून जाणं वेगळं, असा त्याचा हिशेब होता. शिवाय जूनमध्ये तो रिटायर होणार होता. निरोपाच्या हारासोबत, याच्या हातानं वसाहत बुडाली, एवढं वाक्य पाठीला चिकटून घरी यायला नको होतं.

तो उपाय करत नव्हता असं नाही. त्याचा उपाय रोज त्याच्या पिशवीतच असायचा.

झालं होतं असं. डिसेंबरात येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. वळसंगजवळ चनबसप्पाची दोन एकर ज्वारी, त्या सुमारास पोटऱ्यात आलेली. पोटऱ्यात आलेलं पीक म्हणजे गर्भार बाई, म्हणून त्या दिवशी शेताला जेवू घालतात. बाजरीचे तीळ घातलेले उंडे, भज्जी, आंबील, सगळं घेऊन शेतात जायचं, पूजा करायची आणि त्यातला घास चारी दिशांना उधळायचा. त्याला चरगा म्हणतात. चनबसप्पानं चरगा उधळला, पोटभर जेवला, आणि उरलेले उंडे दुसऱ्या दिवशी डब्यात घालून कॉलेजला आणले. संध्याकाळी निघताना रॅकपुढे त्याच्या मनात आलं, शेताला घातलं, पण शेत कुठं खरंच गर्भार असतं? खऱ्या गर्भार तर या इथं बसल्यात. त्यानं उंडा कुस्करला, त्यात गूळ आणि भाजलेले शेंगदाणे मिसळले आणि हात पोचेल तेवढ्या पिंजऱ्यांत एकेक चिमूट टाकली. आया धावत आल्या. दोन्ही हातांत दाणा धरून खाणारी उंदरी बघितली की कोणालाही माया येते. दुसऱ्या दिवशी त्यातली एक बारा पिल्लं व्याली.

झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी निघायच्या आधी चरगा. चिमटीची मूठ कधी झाली, त्याचं त्यालाही कळलं नाही. बाहेरचं अन्न आत आणू नये, अशी पाटी दारावरच होती. ती पाटी समोसे खाणाऱ्या पोरांसाठी आहे, अशी चनबसप्पाची समजूत होती. आणि जानेवारीत पिल्लं कमी व्हायला लागल्यावर तर त्यानं मूठ आणखी मोठी केली. अशक्त झाल्यात बिचाऱ्या, त्यांना जोर यायला हवा.

डॉक्टर काव्या ही प्राणिघराची मुख्य. सांगोल्याकडची, तिशीची, शिकलेली जनावरांची डॉक्टर, आणि दोन वर्षांपासून चनबसप्पाची साहेब. तिनं काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. एसीचं तापमान तपासलं, दिव्यांचा टायमर बदलला, पाणी तपासायला पाठवलं. पिंजऱ्याच्या जाळीत ठेवलेल्या खाद्याच्या गोळ्या उंदीर पूर्वीसारख्या संपवत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं होतं. गोळ्याच खराब असणार म्हणून तिनं कंपनीशी भांडून पोतं बदलून घेतलं, मग दुसरं बदललं. प्रयोगशाळेचा अहवाल आला, तर गोळ्यांत सगळं जिथल्या तिथं होतं.

आणि एक गोष्ट तिला काही केल्या उलगडत नव्हती. सगळ्यात वरच्या फळीवरचे सहा पिंजरे मजेत होते. तिथल्या आया वेळेवर व्यायच्या, नऊ-दहा पिल्लं, सगळ्यांच्या पोटात दुधाचा पट्टा. चनबसप्पाचा गुडघा गेल्या दिवाळीत धरला होता, त्याला स्टुलावर चढवत नसे. म्हणून वरच्या फळीचं खाणंपिणं, साफसफाई काव्यानं आपणहून स्वतःकडे घेतली होती. खालचे अठरा पिंजरे त्याचे.

मार्चच्या तीन तारखेला तिनं वजनकाटा आणला आणि सगळ्या माद्या एकेक करून तोलल्या. चनबसप्पा उंदरी उचलून द्यायचा, ती आकडा लिहायची. वरच्या फळीवरच्या अडीचशे, दोनशे साठ ग्रॅम. खालच्या तीनशे तीस, तीनशे पन्नास.

"मामा, हे बघा," ती म्हणाली. "गोळ्या खात नाहीत, आणि वजन वाढतंय. हवा खाऊन कोणी जाड होतं का?"

चनबसप्पाच्या हातात तेव्हा खालच्या फळीवरची एक जाडजूड आई होती. तिचं पोट त्याच्या तळव्यावर गरम लागत होतं. पिशवी खुंटीला लटकत होती आणि पिशवीत डबा होता.

"काय की, मॅडम," तो म्हणाला.

काव्यानं पेन बंद केलं आणि खुर्चीत बसली. "एक सांगते, मनाला लावून घेऊ नका. प्राचार्य म्हणाले, वरचं तुम्ही बघता, खालचं मामा बघतात. वरचं चांगलं, खालचं वाईट. म्हातारा माणूस सफाईत टाळाटाळ करत असणार, यात न समजण्यासारखं काय आहे? मी त्यांना सांगितलं, मामांच्या कामात खोट नाही. त्यांनी माझ्याकडून तसं लेखी मागितलंय. उद्या देणार आहे मी."

"तुमी लिवून देणार?"

"सहीनिशी. रोज बघते ना मी तुमचं काम."

ती निघून गेली. चनबसप्पा खोलीत उभा राहिला, मग बाहेर व्हरांड्यात गेला, परत आत आला. नळ सोडला, बंद केला. संध्याकाळी निघताना त्याचा हात सवयीनं पिशवीकडे गेला आणि आया सवयीनं जाळीपाशी उभ्या राहिल्या. अठरा पिंजऱ्यांतून नाकं वर झालेली. त्यानं डबा उघडला. हे बरोबर नाही, असं मन सांगत होतं, आणि उपाशी ठेवलं तर आहेत त्याही मरतील, असंही तेच मन सांगत होतं. त्यानं मूठ टाकली. नेहमीपेक्षा लहान टाकली, एवढंच. आणि याचीच त्याला पुढे जास्त लाज वाटली.

घरी सावित्रम्मा परातीत शेंगदाणे निवडत होती. उद्याच्या चरग्याचे. उंदरांना नवरा काय काय नेतो ते तिला ठाऊक होतं, करून देणारी तीच होती.

"उद्या भाजू नकोस," चनबसप्पा म्हणाला. मग चप्पल न काढताच उंबऱ्यात उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं. वजन, गोळ्या, वरची फळी, मॅडमची सही. सांगताना तो या पायावरून त्या पायावर होत होता. "खरंखोटं कुणाला म्हाईत? मूठभर दाण्यानं असं हुतंय व्हय? आपण तर चांगलंच घातलं की."

सावित्रम्मानं परात बाजूला सारली. तिचं माहेर पार कर्नाटकात, नवऱ्याला ती अजून तिकडच्यासारखं 'री' म्हणायची.

"री, मला बी समद्यांनी चांगलंच घातलं की," ती म्हणाली. "अत्तीनं, तुमच्या आईनं, मेथीचं लाडू घातलं. तुमच्या मावशीनं कसलं मूळ दुधात उगाळून घातलं, लई कडू. तुमी देवादेवाचा प्रसाद आणून घातला. कुणाचं वाईट न्हवतं मनात. बारा वर्सं माजं पोट कदी रिकामं ठिवलं न्हाय कुणी."

चनबसप्पानं वाकून चप्पल काढली.

"सरकारी दवाखान्यातली ती बाई आठवती? ती म्हणाली हुती, वजन लई वाढलंय, हे समदं बंद करा, सादं जेवा आणि वर्सभर गप बसा. तुमी भाईर येऊन म्हणला, पोरगी हाय, तिला काय कळतंय." सावित्रम्मानं पदराला हात पुसले. "बंद केलं असतं तर काय झालं असतं, मला म्हाईत न्हाय. कदाचित कायच न्हाय. पण एकदा बी कुणी हात आखडून बघितलं न्हाय. तुमी बी न्हाय."

हे ती चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलली होती. रडली नाही, आवाज चढवला नाही. उठली आणि निवडलेले शेंगदाणे परत डब्यात भरून ठेवले. चनबसप्पाला वाटलं, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवताना त्यानं तीनदा तिच्याकडे पाहिलं. ती भाकरीत गुंग होती.

सकाळी तो काव्याच्या केबिनबाहेर उभा होता. ती आली तर तिच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"मॅडम, त्यावर सही करू नका," तो म्हणाला आणि डबा तिच्या टेबलावर ठेवून झाकण काढलं.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं एकेक प्रश्न विचारला. कधीपासून? किती? रोज? वरच्या फळीला? त्यानं गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, तिथवर हात पोचत नव्हता. येळवसही सांगितली, चरगाही सांगितला. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"दोन पोती परत पाठवली मी," ती म्हणाली. "त्या कंपनीच्या माणसाला नको नको ते बोलले. आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात, मामा."

"व्हय."

"गोडधोड समोर आलं की ती गोळी कशाला खाईल? पोट भरतं, चरबी चढते. पण पिल्लाला अंग धरायला आणि आईला दूध यायला जे लागतं, ते सगळं त्या गोळीत आहे. तुमच्या मुठीत नाही. जाड झालेली मादी गाभणही धड राहत नाही. जितकं बिघडत गेलं तितकं तुम्ही जास्त घातलंत." तिनं डब्याचं झाकण लावलं. "एवढा जीव होता त्यांच्यावर, तर एकदा विचारायचं तरी."

चनबसप्पानं मान खाली घातली.

तिनं तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला, खरा. समितीनं तारीख पुढे ढकलली नाही, पण उरलेले दिवस काव्याला करून बघायला मोकळे दिले. एक अट घातली. एकतीस मार्चपर्यंत चनबसप्पानं तिसऱ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्यानं बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या धुवायच्या.

उंदरी एकवीस-बावीस दिवसांत विते. हे त्याला पाठ होतं. पण ते दिवस त्यानं कधी दाराच्या बाहेर काढले नव्हते. सोलापूरचा मार्च, सकाळी दहालाच पत्रा तापायचा, आणि हा बाटल्यांच्या टोपल्या घेऊन व्हरांड्यात. एक बाटली धुवायची, उठायचं, दाराजवळ जायचं, कान लावायचा, परत यायचं. धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुवायचा. पहिले तीन-चार दिवस आतून जाळी खडखडवल्याचा आवाज यायचा. आया चरगा मागत होत्या. सहा वाजले की तो आवाज वाढायचा, आणि चनबसप्पा नळ मोठा सोडायचा. काव्या दमून बाहेर आली की तो विचारायचा, "खात्यात का?" ती म्हणायची, "बघू." याच्यापुढे ती एक अक्षर बोलत नसे. तिचा राग गेलेला नव्हता, आणि तो जायलाच हवा असंही काही नव्हतं.

पाचव्या दिवशी जाळीचा आवाज थांबला. मेल्या की काय? तो दाराला कान लावून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्याला दुसराच आवाज ऐकू आला, बारीक, कडक, सारखा. कुरतडल्याचा. आतल्या उंदरी गोळ्या खात होत्या. तो तसाच मट्कन खाली बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा अर्धा तास एका जागी बसून राहिला.

पण खाणं वेगळं आणि विणं वेगळं. अठ्ठावीस तारीख उजाडली, काही नाही. एकोणतीसला काव्या म्हणाली, चार माद्यांची पोटं दिसतात, पण जाड अजून आहेत, सांगता येत नाही. त्या रात्री चनबसप्पानं सावित्रम्माला कूस बदलबदलून झोपू दिलं नाही. तीस तारखेला तो साडेसहालाच फाटकाशी होता.

नऊच्या सुमाराला खोलीच्या दाराची काच आतून वाजली. काव्यानं पिंजरा छातीशी धरला होता आणि तिरका करून काचेला लावला होता. खालच्या फळीवरचा, चिठ्ठीवर त्याच्याच हातचा नंबर. तुसात गुलाबी गोळे वळवळत होते. त्याला चष्मा पुसावा लागला. त्यानं बोटानं हवेत मोजले. अकरा. आणि अकराच्या अकरा पोटांत पांढरा पट्टा.

काव्यानं आतून तीन बोटं दाखवली. आणखी तीन व्याल्या होत्या. मग पिंजरा हळूच काढून घेतला आणि ती वळली. दार उघडलं नाही. त्यानंही 'उघडा' म्हटलं नाही.

एकतीसला समितीनं वसाहत चालू ठेवायचं ठरवलं. चनबसप्पाला रिटायर होईपर्यंत बाटल्यांवरच ठेवायचं, हेही ठरवलं. प्राचार्यांनी ते जरा चाचरत सांगितलं, पण चनबसप्पा "बरं" म्हणून परत नळापाशी गेला. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. एकोणतीस वर्षांचा रॅक काचेतून बघायचा होता. पण रॅक होता.

संध्याकाळी घरी गेला तेव्हा सावित्रम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती. समितीचं ठरेपर्यंत त्यानं कालच्या पिल्लांचं तिला सांगितलं नव्हतं. तो तिच्याशेजारी पाटावर बसला. किती दिवसांनी तो असा नीट मांडी घालून बसला होता.

"चार आया व्याल्या," तो म्हणाला. "समदे ऱ्हाणार. एकीला अकरा झाल्यात."

"अकरा," ती म्हणाली. "काय घातलं तिला?"

"कायच न्हाय. हात लांब ठिवला."

सावित्रम्माचा हात पिठावर थांबला. चनबसप्पा तिच्याकडे बघत राहिला आणि जे बारा वर्षांत आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून आलं.

"सावित्रे, सरकारी दवाखान्यातली ती डागदरीण बरोबर हुती. मी ऐकाया पायजे हुतं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. दोघांपैकी कोणीही ती उलटायला हात पुढे केला नाही.